देऊन, ठेवून

आमच्या घरातले शिवणयंत्र एका चुकीच्या व्यंजनापायी गेले. आई जाऊन सहा महिने झाले होते. आम्ही घर आवरत होतो आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच अण्णांना विचारले, "अण्णा, आईचं मशीन देऊन टाकू ना?" अण्णा बैठकीच्या खोलीत पलीकडच्या भिंतीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. "हो, हो, टाक," असे ते म्हणाले. शिवणकाम शिकणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना आम्ही ते यंत्र त्याच आठवड्यात देऊन टाकले. पुढे महिनाभराने अण्णा आतल्या खोलीत काहीतरी शोधताना दिसले. काय शोधता असे विचारल्यावर म्हणाले, "मशीन कुठे ठेवलंत? तूच म्हणालीस ना, ठेवून टाकू म्हणून."

देऊन आणि ठेवून. बोलताना आपण 'ठेऊन' असाच उच्चार करतो, त्यामुळे दोन्ही शब्दांतले स्वर सारखेच. फरक काय तो पहिल्या व्यंजनाचा. चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या, 'ण'ला 'न' म्हणणाऱ्या मुलाला बाकावर उभे करणाऱ्या माणसाला 'द' आणि 'ठ' यांतला फरक ऐकू आला नव्हता, आणि आम्हाला तो ऐकू आला नसल्याचे कळले नव्हते.

लेख पुढे नेण्यापूर्वी एक खुलासा. आम्ही दोघे, म्हणजे बहीण आणि भाऊ, हा लेख मिळून लिहीत आहोत. 'आम्ही' हे सर्वनाम इथे आदरार्थी नाही, संपादकीयही नाही. ते निव्वळ संख्यावाचक आहे. चूक कोणा एकाच्या नावावर मांडायची नाही, असे आमचे ठरले आहे.

अण्णांना श्रवणयंत्र होतेच. मशीनच्या प्रकारानंतर आम्ही ते बदलून अधिक महागाचे आणले. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "आवाज भरपूर येतो. शब्द येत नाहीत." ही तक्रार आम्ही म्हातारपणाच्या हट्टात जमा केली. हळूहळू अण्णांनी तक्रार करणेही सोडले. जेवताना काहीही विचारले की "बरं" म्हणायचे. भाजी वाढू का? बरं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ या का? बरं. आई गेल्यापासून अण्णा घुमे झाले, असे आम्ही नातेवाइकांना सांगू लागलो. शोक हे कारण सोयीचे होते. त्यात आम्हाला काही करावे लागत नव्हते.

मग एकदा श्रवणयंत्राची जुळणी करणाऱ्या बाईंनी सहज विचारले, "बाबा बसतात ती खोली कशी आहे? रिकामी आहे का?" आम्ही जरा अभिमानानेच सांगितले, की खोली अगदी मोकळी आणि स्वच्छ आहे. त्या म्हणाल्या, "मग यंत्र बदलून काय होणार? खोली बदला."

* * *

खोली ऐकण्याच्या आड कशी येते, हे प्रथम मोजून दाखवले ते वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा प्रत्येक शब्द खोलीत घुमत राही आणि पुढच्या शब्दावर जाऊन पडे. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम सत्तावीस वर्षांच्या सबाइनवर सोपवले. त्याच्याजवळची साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान. सेकंदाला 512 कंपनांचा सूर वाजवायचा, एकदम बंद करायचा आणि तो विरून ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ मोजायचा. रिकाम्या व्याख्यानगृहात हा काळ साडेपाच सेकंदांहून अधिक भरला. साडेपाच सेकंदांत मनुष्य एक आख्खे वाक्य बोलून पुढच्या वाक्यात शिरलेला असतो.

जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या सबाइन आणि त्याचे मदतनीस रात्री उचलून आणीत, थोड्या थोड्या मांडीत, प्रत्येक वेळी मोजणी करीत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवीत. रात्रीच, कारण दिवसा रस्त्याचा गलका. गाद्या वाढत गेल्या तसा सूर विरण्याचा काळ घटत गेला. साऱ्या गाद्या आणल्यावर तो सव्वा सेकंदाच्याही आत आला. यातून सबाइनला जो नियम सापडला तो आजही वापरात आहे. निनाद टिकण्याचा काळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि खोलीतल्या एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मीटरमध्ये मोजल्यास घनफळाला 0.161 ने गुणायचे आणि शोषणाने भागायचे, की सेकंद मिळतात. याच नियमाच्या आधारे उभारलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल 1900 साली उघडले. फॉगची ती मूळ इमारत मात्र 1973 साली पाडण्यात आली.

शोषण मोजायचे कशात, हा प्रश्न सबाइनने फार सुंदर रीतीने सोडवला. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी हे त्याने पूर्ण शोषणाचे माप धरले. मग प्रत्येक वस्तू किती खिडकीइतकी, असा हिशेब. काच किंवा भिंतीचा कठीण गिलावा घेतला तर शंभर चौरस मीटरमागे जेमतेम तीन चौरस मीटर खिडकी. दाटीने बसलेला श्रोतृवर्ग जवळजवळ आख्खी खिडकी. सबाइनच्या कोष्टकात माणसांचीही नोंद आहे: एकटा पुरुष 0.48, एकटी स्त्री 0.54, समुदायात बसलेले असतील तर प्रत्येकी 0.44. स्त्रीचा आकडा थोडा मोठा, तो त्या काळच्या घोळदार पोशाखामुळे असणार. नऊवारीतल्या आमच्या आजीचा आकडा काय आला असता, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

याच संदर्भातली एक हकिगत आम्हाला फार आवडली. सबाइनच्या पुढे लक्षात आले, की मोजणी करताना त्याच्या स्वतःच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात आणि त्या दिवशी कोणते कपडे होते याची नोंद नसेल तर आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. त्याने केलेली निरीक्षणे टाकून दिली आणि पुढे ठरावीक कपड्यांतच काम केले. निरीक्षक खोलीबाहेर उभा नसतो, हे त्याने इतक्या साध्या रीतीने मान्य केले. आम्हाला ते मान्य करायला वेळ लागला.

* * *

आमची खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच. घनफळ सुमारे 51 घनमीटर. चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, एका बाजूस काच. आम्ही फुगा फोडून त्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत असू आणि तो विरण्याचा आलेख संगणकावर पाहत असू. निनादकाल म्हणजे आवाज साठ डेसिबेलने उतरायला, अर्थात त्याची तीव्रता दशलक्षांश व्हायला लागणारा वेळ. राहत्या घरात एवढी शांतता मिळत नाही. म्हणून वीस डेसिबेल उतरायला लागणारा वेळ मोजून तिपटीने वाढवायचा. पंखा बंद, फ्रिज बंद, वेळ रात्री दोनची. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवले होते. अण्णा पहिल्या रात्री झोपले. दुसऱ्या रात्री उठून खुर्ची घेऊन बसले.

रिकाम्या खोलीचा आकडा आला 1.9 सेकंद. बोलण्यासाठी अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या आसपासची खोली बरी.

मग आम्ही वस्तू आणत गेलो. अंड्यांचे तीस ट्रे भिंतीला टेकवले, कारण हा उपाय जो तो सुचवत होता. फरक इतका किरकोळ, की फुगा कमीजास्त फुगल्यानेही तेवढा पडावा. थर्मोकोलच्या पाट्या लावल्या; फरक नाहीच. कारण वाचल्यावर कळले. आवाज शोषला जातो म्हणजे हवेची सूक्ष्म हालचाल पदार्थाच्या छिद्रांतून ये-जा करताना घासली जाते आणि तिची उष्णता होते. थर्मोकोल हलके असते, पण त्याचे कप्पे बंद असतात; हवेला आत वाट नाही. हलके म्हणजे शोषक, हा आमचा समज होता. तो तिथे संपला. पुस्तकांचे कपाट उघडे ठेवले तेव्हा 1.7. पातळ पडदा भिंतीला चिकटवून ताणला तेव्हाही तितकेच.

तोच पडदा चुण्या पाडून, भिंतीपासून चार बोटे नव्हे तर चांगला चार इंच पुढे टांगला, तेव्हा आकडा 1.4 वर आला. कापड तेच, जागा बदलली. भिंतीच्या अगदी लगत हवेला हलायला वावच नसतो. तिथे दाब असतो, हालचाल नसते. हालचाल सर्वाधिक असते ती लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश अंतरावर. सेकंदाला 500 कंपनांच्या आवाजासाठी हे अंतर साधारण सतरा सेंटीमीटर भरते. म्हणून भिंतीला चिकटलेले कापड व्यंजनांमधली तीक्ष्ण सळसळ थोडीफार शोषते, पण खालच्या स्वरांपुढे हतबल होते. खालचे स्वर शोषायचे तर जाडी हवी किंवा मागे पोकळी हवी.

इथे आमच्यापैकी एकाला ट्रंक आठवली. आईच्या चार गोधड्या आम्ही दिल्या नव्हत्या, इतकेच. द्यायच्या राहून गेल्या होत्या. जुन्या सुती लुगड्यांचे पाच-सहा थर, वर हाताने घातलेला दाट धावदोरा. मशीन घरात असून गोधडीला मात्र ती मशीन लावू देत नसे. लाकडी पट्ट्यांवर त्या चारही गोधड्या भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या आणि फुगा फोडला. आकडा 1.0. हाताने हिशेब केला तोही जुळला: सुमारे नऊ चौरस मीटर गोधडी, म्हणजे साडेचार चौरस मीटर उघडी खिडकी.

तेव्हा आम्हाला आमचे आवरणे आठवले. आई असताना या खोलीत कापसाची जाड गादी घातलेला दिवाण होता. त्यावर घड्यांचा ढीग, कोपऱ्यात कापडाची गाठोडी, जमिनीवर सतरंजी, खुर्चीवर अर्धवट शिवलेले काही ना काही. वाड्यातून या सदनिकेत आलो तेव्हा तिने तो सारा पसारा बरोबर आणला होता आणि आम्ही वर्षानुवर्षे त्यावरून तिला बोलत होतो. ती गेल्यावर सहा महिन्यांत आम्ही तो काढला. म्हणजे खोलीतून किमान सात-आठ चौरस मीटर खिडकी आम्ही बुजवून टाकली, आणि मग अण्णा घुमे झाल्याचे कारण शोधत बसलो.

आणखी एक गोष्ट जुळली. तेराव्यापर्यंत अण्णांना ऐकू येत होते. त्या दिवसांत ते सर्वांशी बोलत होते, नावे विचारत होते, चुकीचे मंत्रोच्चार दुरुस्त करत होते. खोलीभर गाद्या अंथरलेल्या होत्या आणि दहा-बारा माणसे बसलेली असत. प्रत्येक माणूस अर्धा चौरस मीटर खिडकी. चौदाव्या दिवशी माणसे गेली, गाद्या गेल्या. आम्ही म्हणालो, आता कुठे अण्णांना खरा धक्का बसला.

शोकाचा भाग नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही. जेवढे मोजता येण्यासारखे होते तेवढेही आम्ही शोकाच्या खाती मांडले, एवढेच आम्हाला नोंदवायचे आहे.

* * *

तिसऱ्या रात्री अण्णांनी आमची पद्धत नापास केली. "फुग्याला काय विचारता? मला विचारा," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतल्यासारखी एक शुद्धलेखनाची यादी तयार केली. पंचवीस शब्द, प्रत्येकाला एक-दोन जुळे भाऊ: ताट, पाट, काठ, बोट, गोट, कोट, डाळ, गाळ, बाळ. आम्ही त्यातला कोणताही एक म्हणायचा, ओठ दिसू नयेत म्हणून कागद आडवा धरायचा, अण्णांनी लिहायचा आणि मग त्यांनीच लाल शाईने तपासायचा. आपली उत्तरपत्रिका ते आपण होऊन कडक तपासत. काना अर्धवट राहिला तरी गुण कापत.

वयोमानाने प्रथम जातात ते वरचे स्वर, आणि क, त, प, स, श यांची ओळख पटवणारा अंश प्रामुख्याने तिथेच असतो. आकार, ओकार हे दमदार आणि लांब. व्यंजन हे क्षणभराचे आणि दुबळे. निनादाच्या खोलीत मागच्या अक्षराचा स्वर रेंगाळतो आणि पुढच्या व्यंजनावर पांघरूण घालतो. श्रवणयंत्र बिचारे दोन्ही मोठे करते, व्यंजनही आणि पांघरूणही. 'आवाज भरपूर येतो, शब्द येत नाहीत' हे अण्णांचे पहिल्या दिवशीचे वाक्य शास्त्रदृष्ट्या तंतोतंत होते. मराठीच्या शिक्षकाने केलेले ते निदान आम्ही तक्रार समजून बाजूला सारले होते.

रिकाम्या खोलीत, दहा फुटांवरच्या दारातून वाचले तेव्हा अण्णांना पंचवीसपैकी नऊ गुण मिळाले. गोधड्या टांगल्यावर, त्याच दारातून, पंधरा. आम्हाला फार आनंद झाला. अण्णांना झाला नाही. "पंधरा म्हणजे दुसरी श्रेणी," म्हणाले. "आता गोधड्या काढा आणि इथे येऊन वाचा."

आम्ही गोधड्या काढल्या, त्यांच्या खुर्चीपाशी स्टूल ओढले आणि दीड फुटावरून, आवाज न वाढवता वाचले. अठरा.

हे काय झाले, याचा हिशेब आम्ही नंतर मांडला. खोलीतले शोषण दुप्पट केले तर रेंगाळणारा आवाज निम्मा होतो. मात्र बोलणारा निम्म्या अंतरावर आला तर त्याच्या तोंडून थेट येणारा आवाज चौपट होतो आणि रेंगाळणारा आहे तेवढाच राहतो. म्हणजे अंतर एकदा निम्मे करणे हे खोलीतले शोषण चौपट करण्याच्या तोलाचे आहे. दहा फुटांचे दीड फूट करणे म्हणजे अंतर अडीच-पावणेतीन वेळा निम्मे करणे. तेवढे काम करू शकेल इतक्या गोधड्या आईने जन्मभर शिवल्या असत्या तरी पुरल्या नसत्या. सबाइनचा नियम सभागृहांसाठी होता. तिथे वक्त्याला प्रत्येक श्रोत्याच्या शेजारी जाऊन बसता येत नाही. आम्हाला येत होते.

गोधड्या परत लावल्या आणि जवळ बसूनही वाचले तेव्हा एकवीस मिळाले. अण्णांनी खाली लाल शाईत शेरा लिहिला, 'प्रगती आहे'. तो आमच्या उच्चारांविषयी होता की त्यांच्या कानांविषयी, हे त्यांनी सांगितले नाही.

* * *

आता खोलीत तीन गोधड्या भिंतींवर आहेत. चौथी अण्णांनी पांघरायला घेतली. तिच्या जागी आम्ही जाड पडदा लावला. आकडा थोडा घसरला, तो घसरू दिला. जमिनीवर सतरंजी परत आली. येणारे-जाणारे भिंतीवरच्या गोधड्यांना हस्तकला समजून वाखाणतात. शेजारच्या काकांनी विचारले, की यामुळे रस्त्यावरचे भोंगे ऐकू येत नाहीत का? येतात. शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. बाहेरचा आवाज अडवायला जड, फटी नसलेली भिंत लागते. गोधडी फक्त आत झालेल्या बोलण्याचा शेवट वेळेवर करते.

मशीनचा विषय आम्ही बराच काळ टाळला. शेवटी एका संध्याकाळी स्टूल ओढून, सावकाश विचारले, "अण्णा, ते मशीन परत आणू का?" या वेळी त्यांनी अक्षरन् अक्षर ऐकले, कारण उत्तर द्यायला वेळ घेतला. "त्या बाई चालवतात का ते?" चालवतात, आम्ही सांगितले, आता ब्लाउज शिवून देतात, चार पैसे मिळवतात. "मग राहू दे. दिलेलं मागायचं नसतं." थोडे थांबून म्हणाले, "मला विचारून दिलं असतंत तरी मी दे म्हणालो असतो. पण म्हणालो असतो."

त्यानंतर काही दिवसांनी यादीचा कागद हाती आला. पंचवीस शब्दांच्या खाली अण्णांच्या अक्षरात सव्विसावी जोडी वाढवलेली होती: देऊन, ठेवून. ती त्यांनी कधी लिहिली ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही दारात उभे राहून त्यातला पहिला शब्द वाचला. अण्णांनी दुसरा लिहिला. जवळ जाऊन पुन्हा वाचला, तेव्हा बरोबर लिहिला आणि दोन्ही उत्तरांवर लाल शाईने आपापली खूण केली.

दारातून विचारलेल्या प्रश्नाला अण्णा आता "बरं" म्हणत नाहीत. "इकडे ये," म्हणतात.